पंडिता रमाबाईंचा आधार

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं महाराष्ट्रांत अजूनहि दोन तऱ्हेचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष हळहळतो, कीं एवढी शास्त्रसंपन्न ब्राह्मणकन्या परधर्मांत गेली. दुसरा पक्ष म्हणतो, कीं धर्म कोणताहि असो, हजारों निराधार स्त्रियांची ती माउली झाली. दोन्ही मतांना आपापल्या परी अर्थ आहे. पण दोन्ही पक्ष बाईंकडे बाहेरून पाहतात. ख्रिस्ती झाल्यानें या बाईंना स्वतःला काय मिळालें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. १९०७ सालीं त्यांनीं आपल्या धर्मजीवनाची हकीकत ‘साक्ष’ म्हणून स्वतःच लिहिली, आणि इंग्लंडांतील धर्मभगिनींशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहारहि १९७७ मध्यें छापून प्रसिद्ध झाला आहे. या दोहोंतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या दिवशीं त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या दिवशीं त्यांना ख्रिस्ती हें नांव मिळालें. मनाला आधार मिळण्यास त्यानंतर आठ वर्षें लागलीं.

त्या आधाराची किंमत कळावयाची, तर आधीं काय काय हातचें गेलें होतें तें पाहिलें पाहिजे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान व कट्टर वैष्णव. परंतु स्त्रियांना संस्कृत शिकवावें असा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनीं आपल्या घरापासूनच अंमलांत आणला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनीं शिकविलें, आणि लक्ष्मीबाईंनीं मुलीला. पुढें कर्ज झालें, घर सुटलें, आणि सारें कुटुंब तीर्थोतीर्थीं पायीं हिंडत पुराण सांगून पोट भरूं लागलें. भागवताचे हजारों श्लोक पाठ असलेली ही मुलगी उघड्या आकाशाखालीं, देवळांच्या ओवऱ्यांत वाढली. मग मद्रास इलाख्यांतला दुष्काळ आला. गांठचें द्रव्य दानधर्मांत व व्रतांत संपलें होतें. श्रमाचें काम करण्याची संवय नव्हती, आणि भीक मागण्यास जीभ उचलत नव्हती. मरणोन्मुख आईनें बाजरीची भाकरी मागितली, तेव्हां रमाबाई शेजारच्या बाईच्या दारीं गेल्या खऱ्या. पण तोंडांतून शब्द फुटेना, नुसतें रडूं फुटलें. त्या बाईनें न मागतां भाकरी दिली. ती खाण्याचीहि शक्ति आईला उरली नव्हती.

१८७४ च्या सुमारास थोड्याच महिन्यांच्या अंतरानें वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघेंहि गेलीं. आईच्या वेळीं खांदा देण्यास माणसें मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. त्या उंचीनें ठेंगण्या. खांदा पुरेना, म्हणून तिरडीचा आपला कोपरा त्यांनीं डोक्यावर घेतला व तशाच कोसभराहून अधिक वाट चालल्या. सारें आयुष्य ज्यांनीं ब्राह्मणभोजनें घातलीं, त्यांच्या मुलीवर ही वेळ आली. ज्या देवांना नवस केले, ज्या तीर्थांत बुडी मारली, तीं सर्व मुकाट राहिलीं, ही जाणीव त्या भावंडांच्या मनांत तेव्हांपासून घर करून बसली.

पुढें दोघें भावंडें वर्षानुवर्षें पायीं हिंडत १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरांत त्यांनीं ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. मंडळी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकीत होती; तेव्हां हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात कीं काय, असें त्या दोघांना वाटलें! ख्रिस्ती धर्माशीं बाईंची पहिली ओळख झाली ती अशी; पुढच्या गोष्टी पाहतां तिची मौज वाटते.

कलकत्त्यासच केशवचंद्र सेन यांनीं त्यांना वेद वाचण्यास दिले, आणि स्त्रियांपुढें व्याख्यानें द्यावयाचीं म्हणून धर्मशास्त्राचा अभ्यासहि त्यांनीं तेथेंच केला. या अभ्यासाचा परिणाम विपरीत झाला. ग्रंथाग्रंथांत हव्या तितक्या विषयांवर मतभेद त्यांना आढळले. पण एका बाबतींत सर्वांचें एकमत दिसलें. स्त्रीजात, मग ती उच्च वर्णाची असो वा नीच, स्वभावतःच पापी. तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाहीं. पतीची सेवा हाच तिचा धर्म आणि पति हाच तिचा देव. हा निष्कर्ष सर्वस्वीं बरोबर होता कीं नाहीं, यावर विद्वानांनीं वाद घालावा; उपनिषदांत आणि संतांच्या वाङ्मयांत निराळा सूरहि सांपडतो हें खरें. परंतु रमाबाई ज्या शास्त्रांत वाढल्या, त्या शास्त्रांनीं त्यांना हेंच सांगितलें, आणि त्यांनीं तें जसेंच्या तसें मनास लावून घेतलें.

आतां पुढच्या दोन वर्षांत काय घडलें पाहा. १८८० मध्यें एकुलता भाऊ गेला. त्याच सालीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. वर शूद्र जातीचा, तेव्हां जातीचें छत्र तेथेंच गेलें. दोघांनीं आसामांतील सिल्चर येथें संसार मांडला. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमेचा जन्म झाला. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीच्या विकारानें पति वारले. मुलगी, बहीण, पत्नी, ब्राह्मणी — समाजांत स्त्रीला ज्या ज्या नात्यानें जागा मिळते, तें एकेक नातें असें तुटत गेलें. वयाच्या तेविसाव्या वर्षीं हातीं उरली ती दहा महिन्यांची मुलगी, आणि विधवा हें नांव. ज्या शास्त्रांत पतीवांचून स्त्रीला गति नाहीं, त्या शास्त्रांत अशा बाईनें उभें कोठें राहावें?

सिल्चरला असतांनाच पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत त्यांच्या हातीं लागली होती. ती त्यांनीं आवडीनें वाचली, पण तेव्हां गोष्ट एवढ्यावरच राहिली. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या, न्यायमूर्ति रानडे प्रभृतींच्या साह्यानें त्यांनीं आर्य महिला समाज काढला, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्री-शिक्षकांची व स्त्री-डॉक्टरांची गरज सांगितली. वैद्यकी शिकावी या हेतूनें १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें तो बेत सोडून द्यावा लागला. बरोबर आलेल्या मैत्रिणीनें त्या परक्या देशांत आत्महत्या केली. वांटेजच्या सेंट मेरी मठांतील धर्मभगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. या भगिनींनीं त्यांना लंडनजवळ फुलम येथें नेलें. समाजानें ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथें मायेनें वागवून पुन्हां माणसांत आणीत असत. अशा स्त्रीला शिक्षा सांगणारीं शास्त्रें बाईंना मुखोद्गत होतीं. तिच्या शेजारीं बसून तिची सेवा करणाऱ्या स्त्रिया त्या प्रथमच पाहत होत्या. हें असें कां, म्हणून त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांस ख्रिस्ताची आणि विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचावयास मिळाली. ब्राह्मण असून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री, म्हणजेच नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लेखनानें बुद्धीच्या उरल्यासुरल्या शंका फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा वांटेज येथें बाप्तिस्मा झाला.

येथें साधारण चरित्रकार कथा संपवितो. वास्तविक कथेला येथूनच रंग चढतो. रमाबाईंच्या गुरुस्थानीं असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटलें, कीं आतां ही शिष्या चर्चची लेक झाली; चर्च सांगेल तें तिनें मानावें. शिष्या तें मानीना. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजांत असतांना आणि त्यानंतरहि तिनें पत्रांवर पत्रें लिहिलीं. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीं, त्रैक्याविषयीं तिच्या शंका होत्या, आणि त्या ती शास्त्रार्थाच्या रीतीनें मांडी. बायबलांत अमुक वचन कोठें आहे तें दाखवा, म्हणून विचारी. बाईंनीं पुरुष विद्यार्थ्यांना शिकवूं नये, हिंदुस्थानांत त्याचा विपरीत परिणाम होईल, असा सल्ला बिशपांनीं दिला. त्यावर बाईंनीं आश्चर्य प्रकट केलें, कीं आपल्या वडिलांनीं किंवा पतीनें कधीं अशी आडकाठी घातली नव्हती! एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचें जूं पत्करण्याची आपली तयारी नाहीं, असें त्यांनीं साफ कळविलें. क्रूसावर लॅटिन अक्षरें असत. आपण क्रूस घातलाच तर त्यावर संस्कृत अक्षरें असावीं, असा त्यांचा हट्ट. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर आपल्या मायभूमीची जुनी व सुंदर भाषा म्हणून. शिवाय लॅटिन ना आपल्याला कळत, ना आपल्या देशभगिनींना. शाकाहारहि त्यांनीं सोडला नाहीं. सिस्टर जेराल्डिन यांना यांत अहंकार दिसला. त्या मायाळू बाई होत्या, मनोरमेला त्यांनीं आजीच्या मायेनें सांभाळलें; पण शिष्येचा प्रश्न त्यांच्या ध्यानांत आला नाहीं. ज्या बाईनें पित्याचें, भावाचें, पतीचें छत्र एकामागून एक हरपलेलें सोसलें, ती आतां आणखी एक छत्र शोधीत नव्हती. आपले पाय जमिनीला लागावे एवढेंच तिला हवें होतें.

श्रद्धा आणि स्वस्थता या दोन गोष्टी नेहमीं बरोबर येतातच असें नाहीं. बाईंचे मार्गदर्शक गोऱ्हे हेच याचें उदाहरण होत. १८४८ मध्यें ते ख्रिस्ती झाले, षड्दर्शनांवर त्यांनीं ग्रंथ लिहिला, दुसऱ्यांच्या शंका फेडल्या; पण स्वतःच्या मनांतील शंकांनीं त्यांस १८९५ मध्यें मरण येईपर्यंत पुरतें सोडलें नाहीं. अशा सात्त्विक पुरुषाची ही अवस्था, तर बाप्तिस्म्याच्या पाण्यानें सर्व कांहीं होतें असें कोणी म्हणावें?

अमेरिकेंत मित्र जोडून आणि बॉस्टन येथें दहा वर्षांच्या मदतीचें वचन देणारी संस्था उभी करून रमाबाई १८८९ मध्यें स्वदेशीं परतल्या. ११ मार्च रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. पुढच्या सालीं तें पुण्यास आलें. विधवांना शिक्षण मिळावें, जातीचे आचार ज्यांना पाळावयाचे असतील त्यांनीं पाळावे, धर्माची सक्ति कोणावरहि नसावी, असा करार होता. रानडे, भांडारकर यांसारखे थोर लोक सल्लागार होते. बाहेरून सर्व सुरळीत होतें, पण बाईंचें मन भुकेलें होतें. ‘साक्षें’त त्या सांगतात, कीं ख्रिस्ती धर्म आपणांस सांपडला होता व तो पटलाहि होता, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सांपडला नव्हता. मत बुद्धीला मान्य होतें. ज्याच्या भरंवशावर अंग टाकावें असें त्यांत कोणी नव्हतें. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाद्र्याचें आत्मकथन त्यांच्या वाचनांत आलें. पाद्री असूनहि ज्याला कित्येक वर्षें खरी श्रद्धा लाभली नव्हती, अशा माणसाची ती हकीकत. बाईंना तींत आपलेंच चित्र दिसलें. त्यांनीं पुन्हां बायबल उघडलें, तें या वेळीं प्रमाणें शोधण्याकरितां नव्हे. देवाची प्रीति ही पतीच्या द्वारें, पुरोहिताच्या द्वारें किंवा पुण्याईच्या मोलानें मिळावयाची नसून आपण जशा आहों तशाच आपणांस ती मिळाली आहे, हें त्यांच्या मनांत तेव्हां उतरलें. शास्त्रानें जिला मोक्षाच्या दारांतून परत लाविलें होतें, तिला हें केवढें वाटलें असेल याची कल्पना करावी.

या श्रद्धेची कसोटी दोन वर्षांतच लागली. बाई पहांटे आपल्या खोलींत बायबल वाचीत व प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. झालें! पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें सदनावर झोड उठविली, १८९३ च्या ऑगस्टांत सल्लागार मंडळानें राजीनामे दिले, वीसपंचवीस मुलींना पालकांनीं काढून नेलें. निष्पक्षपातीपणानें बोलावयाचें तर पालकांची भीति अगदींच निराधार नव्हती. १८९५ मध्यें सदनांतील कांहीं मुलींनीं खरोखरच बाप्तिस्मा घेतला. विधवेचें मन आधींच पोळलेलें. तिच्यासमोर अशा तेजस्वी बाईची प्रार्थना म्हणजे मोठें आकर्षण होतें, आणि सल्लागारांनीं पालकांना शब्द दिला होता. रानडे-भांडारकरांची अडचण समजण्यासारखी आहे. पण बाईंची बाजूहि तितकीच सरळ होती. सक्ति करणार नाहीं हें वचन आपण पाळलें. परंतु आपल्याच घरांत, दार लावून, चोरासारखी प्रार्थना करणें आपणांस साधणार नाहीं. दार त्यांनीं लाविलें नाहीं. दहा वर्षांपूर्वीं प्रत्येक आरोपाला पानेंच्या पानें उत्तर लिहिणारी बाई आतां थोडक्यांत बोलून कामाला लागते, हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. सदन कांहीं बुडालें नाहीं. त्याच सालीं सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशीं धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्यांतून पुढें केवढें कार्य उभें राहिलें तें सर्वांस ठाऊकच आहे.

१८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. आपल्या आईची भाकरी ज्यांच्या डोळ्यांपुढून कधीं गेली नाहीं, त्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या, आणि शेंकडों मुलींना व बायकांना घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगाचा अंमल. इतक्या लोकांस शहरांत ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हां केडगांवच्या माळावर घेतलेल्या जमिनींत झोंपड्या उभ्या राहिल्या. मुक्ति सदन तें हेंच. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारें दोन हजारांवर गेली. विणकाम, शेती, घाणा, दुधाचा व्यवसाय, छापखाना — सर्व कामें बायका करीत. फुलमला पाहिलेल्या कार्याची आठवण ठेवून, समाजानें टाकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदनहि निघालें.

याच काळांतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. प्लेगाच्या सरकारी इस्पितळांत स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिजविरुद्ध रमाबाईंनीं १८९७ मध्यें ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत उघड पत्र लिहिलें. विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत तो विषय गेला. सरकारनें आरोप नाकारले. सिस्टर जेराल्डिन यांना तर हा कृतघ्नपणा वाटला. ख्रिस्ती म्हणजे राज्यकर्त्यांचा माणूस, असें जें येथील लोकांना वाटे, तेंच तिकडील लोकांनाहि वाटत होतें, असें दिसतें. रमाबाईंचा ख्रिस्त मात्र कोणत्याहि सरकारचा नव्हता, आणि कोणत्या एका पंथाचाहि नव्हता. तुमचा पंथ कोणता, असें विचारणाऱ्यांना त्या एवढेंच सांगत, कीं आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीच्या आहों. पांढरें लुगडें, साधें जेवण, मराठी बोलणें, हें सर्व तसेंच राहिलें. १९१९ मध्यें त्याच सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलें. त्यानें त्यांच्या दिनक्रमांत कांहीं फरक पडल्याचें ऐकिवांत नाहीं.

शेवटचीं पंधरा-सोळा वर्षें त्यांनीं बायबलाच्या भाषांतरांत घालविलीं. प्रचलित मराठी बायबलाची भाषा संस्कृतप्रचुर. खेड्यांतल्या बाईला ती कशी कळावी? म्हणून उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून, मुळाशीं ताडून, त्यांनीं साध्या बोलींत नवें भाषांतर केलें. एके काळीं क्रूसावर संस्कृत अक्षरें हवींत म्हणून भांडणारी ही सरस्वती आतां एकेक संस्कृत शब्द निवडून बाजूस काढीत होती! मुक्तींतल्या मुलींना मूळ भाषा शिकतां याव्या म्हणून मराठींतून हिब्रूचें व्याकरणहि त्यांनीं रचलें. जें कीर्तन-पुराण एके काळीं त्यांच्या आईवडिलांनीं ओवऱ्यांत बसून केलें, त्याचीच ही निराळ्या देवघरांतली आवृत्ति म्हणावी.

काम पुरें होत आलें होतें, आणि १९२१ च्या जुलैंत मनोरमा वारली. सिल्चरहून कडेवर आणलेली, वांटेजच्या वेदीपाशीं आईबरोबर उभी केलेली ही मुलगी. आपल्यामागें मुक्तीचा भार तिच्या शिरावर द्यावयाचा असा आईचा संकल्प होता. बाईंनीं आपलें काम थांबविलें नाहीं. मुद्रितें तपासणें चालूच होतें. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहांटे झोंपेंतच त्यांचा अंत झाला. १९२४ सालीं संपूर्ण बायबल केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, तीं पानें छापणाऱ्या व बांधणाऱ्या बायकांपैकीं कित्येकजणी दुष्काळांत रस्त्यावरून उचलून आणलेल्या होत्या, आणि मुक्तींत येईपर्यंत त्यांना स्वतःचें नांवहि लिहितां येत नव्हतें.